सिंधूचे झिंगे

"काका, डबीत काय आणलं?"

शेषेरावांनी चटणीची स्टीलची डबी काउंटरवर ठेवून झाकण उघडलं. आत ओल्या कापसावर दोन मेलेले झिंगे होते. करंगळीच्या पेराएवढे. जिवंतपणी लालभडक, आता रंग उडून पांढुरके.

"पोस्टमॉर्टेम करून द्या," ते म्हणाले.

दुकानातली पोरगी हसली नाही, हे त्यांना बरं वाटलं. लुंबिनी तिचं नाव. नांदेडच्या या रंगीत माशांच्या दुकानात सिंधू दर दोन-तीन महिन्यांनी यायची, ती हिच्याशीच बोलायला. शेषेराव तेव्हा बाहेर चहा पीत उभे राहायचे. आपल्याला काय कळतंय त्यातलं, असा त्यांचा बाणा.

"सिंधुकाकूंचे का हे? काकू लई दिवस आल्या न्हाईत."

"माघात गेली ती."

लुंबिनीने हातातली मासे धरायची जाळी खाली ठेवली. शेषेरावच घाईने पुढे बोलले, कारण गप्प राहिलं की लोक सांत्वन सुरू करतात.

"तीस-बत्तीस होते. पंधरा दिवसांत तीन राहिले. त्यातली एक पोटाखाली अंडी घेऊन फिरून राहिली. तेवढी वाचली तरी..."

हदगावात बसस्टँडमागे त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि दुकानामागे घर. पुढच्या खोलीत सिंधूची काचेची टाकी. तिच्यात अंगठ्याएवढे दोन परदेशी बेडूक. जन्मभर पाण्यातच राहणारे, फक्त श्वास घ्यायला वर येणारे. सिंधू त्यांना जावई म्हणायची, कारण आयतं तोंडापुढे आल्याशिवाय ते खात नसत. शेजारची जगदेवी दारातून ओरडायची, "अगं, लोकं बेंडकं हाकलून राहिले अन् तू पोसून राहिली?" त्यावर सिंधूचं उत्तर ठरलेलं. "ह्यांच्या मोटारी दिवसभर बोंबलतात. माझे जावई गप तरी बसतात."

झिंगे त्या जावयांच्या सोबतीला. बेडकांना नजर कमी, वासावर शिकार. झिंग्यांची बारीक पिल्लं शेवाळात लपली तरच वाचतात, म्हणून सिंधूने शेवाळाचा झुपका एका लाकडावर दोऱ्याने बांधून ठेवला होता. दहा आणले होते तिने. आता होते ते सगळे तिच्या डोळ्यांपुढे जन्मलेले.

"काही औषध टाकलं पाण्यात?" लुंबिनीने विचारलं.

"न्हाई."

"मच्छरची अगरबत्ती लावता?"

"तिनं बंद केली होती. आजून बंदच हाय. डास मलाच चावतात."

"पाणी कसलं घालता?"

"नळाचं, एक दिवस उघडं ठेवलेलं. तिनं वहीत लिवलं तसंच सगळं करून राहिलो. चमच्याचा फरक न्हाई."

"मग पंधरा दिवसांत टाकीत नवीन काय गेलं?"

"नवीन काईच न्हाई." मग त्यांना आठवलं. "शेवाळाचा दोरा कुजला होता. झुपका सुटून वर तरंगत होता. तेवढा बांधला."

"कशानं?"

आता शेषेरावांचा चेहरा जरा उजळला. इथे तरी आपल्याला कळणारा विषय निघाला होता.

"बारीक तारेनं. वायंडिंगच्या. तीस वर्षं मोटारी भरून राहिलो मी, माझ्या हातचा एक टर्न हलत न्हाई. सत्तावीस टर्न मारले, एकाला एक चिकटून. अन् तारेवरचं वार्निश आधी पॉलिश पेपरनं घासून काढलं बरं का. म्हटलं, इवलासा जीव, त्याच्या पोटात रंग नको जायला. अशी लखलखीत केली..."

लुंबिनी खाली बघत होती.

"काका, तांबं त्यांना चालत न्हाई. पाण्यात जरासं उतरलं तरी झिंगे मरतात. बेडकांनाबी बरं न्हाई ते. वार्निश ऱ्हायलं असतं तर कदाचित..." तिने जीभ चावली.

शेषेरावांनी नकळत आपली बोटं नाकाजवळ नेली. तोच ओळखीचा वास. सिंधू म्हणायची, तुमच्या हातचा घास खाल्ला की दात आंबतात.

"तार आजच काढा. पाणी एकदम बदलू नका, रोज थोडं थोडं. शेवाळ साध्या सुती दोऱ्यानं बांधा," लुंबिनी म्हणाली. मग जाळी पुन्हा उचलत, "दहा झिंगे देऊ का नवे?"

"नको, बाई," ते म्हणाले. "ते तिच्या वळखीचे न्हाईत."

चारच्या एस.टी.ने ते परतले. आल्या आल्या कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, दोनदा. लाकूड बाहेर काढून तार उलगडायला लागले. जळालेली मोटार ते घटकाभरात सोडवायचे. इथे सत्तावीस फेऱ्यांना अंधार पडला. एकही फेरा सैल नव्हता.

सुती दोरा सिंधूच्या शिवणाच्या डब्यात होता. डब्यात वरतीच एक सुई रिळात खोचलेली, काळा दोरा ओवलेला. कुठल्यातरी ब्लाउजचा हूक लावायचा राहिला असणार. शेषेराव त्या सुईकडे बघत राहिले. मग सुई न काढता तिच्यामागे लोंबणारा हातभर दोरा त्यांनी कात्रीने कापला. तार ऐकते तसा दोरा ऐकत नव्हता. तीनदा सुटला. शेवटी दातात टोक धरून गाठ मारली. वेडीवाकडी, पण बसली.

लाकूड पाण्यात सोडलं तेव्हा दोन झिंगे तळाशी आडवे झालेले होते. अंडीवाली तेवढी काचेला धरून उभी होती. ती हळूहळू सरकत झुपक्यापर्यंत गेली आणि आत शिरली.

सकाळी ती झुपक्यातच होती. पांढुरकी. पाय दोऱ्यात अडकलेले, अंडी तशीच पोटाखाली.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "शेषेरावमामा, मोटार जळाली, येता का?"

"येतो. जावयांचं आवरून येतो," ते म्हणाले.

पुन्हा कोपरापर्यंत हात धुऊन त्यांनी चिमट्याने झिंगा अलगद सोडवला, चटणीच्या डबीत ठेवला. मग बेडकांना एकेक घास भरवला. जाताना शिवणाचा डबा बंद करायला वाकले. सुईत अजून वीतभर दोरा होता. तो निसटू नये म्हणून त्यांनी टोकाला एक बारीक गाठ मारली, आणि सुई रिळात होती तशी खोचून ठेवली.