दुसरा रिमोट

कात्रीच्या गाडीचा रिमोट पाण्यात बुडून मेला, आणि तेही शांपूच्या.

कात्री म्हणजे घरोघर जाऊन केस कापणारी बाई. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, ज्यांना दुकानाची पायरी चढवत नाही, अशांच्या घरी ती आपली जुनी व्हॅन घेऊन जायची. व्हॅनमध्ये घडीची खुर्ची, मान टेकायला खळगा असलेलं बेसिन, मोठा आरसा आणि टॉवेलांची चळत. हे नाव तिच्या धंद्यावरून पडलं असं गिऱ्हाइकांना वाटायचं. खरं तर ते तिच्या दादानं, म्हणजे मोठ्या भावानं, ती शाळेत असतानाच ठेवलं होतं, आणि ते सर्वस्वी जिभेवरून होतं.

तर एका निवृत्त मुख्याध्यापिकेचे केस धुताना कात्री खाली वाकली आणि एप्रनच्या खिशातला रिमोट बेसिनमध्ये गेला. तिनं तो पुसला, ड्रायरखाली धरला, घरी येऊन नवा सेल घातला. रिमोटला स्वच्छ वास येत होता, एवढाच काय तो फायदा.

रिमोट गेला तर किल्ली आहे की, असं कुणी म्हणेल. पण व्हॅन तिच्या वडिलांची. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप त्यांच्याच काळात अडकलेलं, किल्ली आत जायची पण फिरायची नाही. किल्लीनं उघडायचं ते फक्त मागचं दार. त्यामुळे कात्री रोज मागून शिरायची, बेसिन ओलांडायची, आरशाखालून वाकायची आणि पुढच्या सीटवर जाऊन पडायची. गल्लीची फुकट करमणूक झाली. कात्रीला मात्र हसं करून घ्यायची सवय नव्हती.

शोरूममध्ये गेली, तर तिथला माणूस म्हणाला, "या मॉडेलचे रिमोट आता येत नाहीत, मॅडम. आणि मिळाला तरी गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते. ते मशीनवर होतं. गाडी ठेवून जा, बघू."

"बघू"चा अर्थ कात्रीला चांगला ठाऊक होता. टक्कल पडत चाललेल्या गिऱ्हाइकाला तीही तेच सांगायची.

त्या माणसानं उगाच बॉनेट उघडून तेल तपासलं. "तेल काय छान ठेवलंय हो तुम्ही! या वयाच्या गाडीत असं दिसत नाही."

"काळजी घ्यावी लागते," कात्री म्हणाली. अंगावर मूठभर मांस चढलं तिच्या. तेल कुठून घालतात हेही तिला माहीत नव्हतं. गाडीच गुणी आहे, असं तिचं मत होतं. काच धुवायच्या पाण्याची टाकी कुठून भरतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं, कारण ती टाकी कधी संपतच नसे.

मग ती भंगारवाल्याकडे गेली आणि त्याच मॉडेलच्या एका ठोकलेल्या व्हॅनचा रिमोट शोधून आणला. फोनवर एक व्हिडिओ लावला. सांगणाऱ्या गृहस्थांचा केसांशी संबंध केव्हाच संपला होता, पण सांगत होते नीट. सगळी दारं लावा. किल्ली चालू-बंद, चालू-बंद, भराभर करा, पण इंजिन सुरू करू नका. जमलं तर कुलुपं आपणहून वाजतील. वाजली की लगेच रिमोटचं बटण दाबा. "आणि एक," गृहस्थ बोट उगारून म्हणाले, "गाडीचे जितके रिमोट असतील, तितके सगळे जवळ घेऊन बसा. नव्याची ओळख करून घेताना गाडी जुन्यांना विसरते."

"माझ्याकडे दुसरा आहेच कुठे," कात्री फोनला म्हणाली. दुसरा रिमोट बाबांच्या शेवटच्या आजारपणात हरवला होता. निदान ती तसं धरून चालली होती.

शनिवारी दुपारी ती व्हॅनमध्ये बसली. चालू-बंद, चालू-बंद. काही नाही. परत केलं, आणखी भराभर. तरी काही नाही. दुसरं कुणी असतं तर हात टेकले असते. कात्रीनं मान वळवून मागे पाहिलं. आरसा बांधायचा पट्टा मागच्या दारात अडकला होता आणि दार पुरतं लागलंच नव्हतं. तिनं पट्टा ओढून घेतला, दार आपटलं, पुन्हा पुढे येऊन बसली.

चालू-बंद, चालू-बंद. खटाखट! सगळ्या दारांची कुलुपं एकदम लागली आणि उघडली. तिनं बटण दाबलं. पुन्हा खटाखट.

"मशीनवर होतं म्हणे!" कात्री मोठ्यानं म्हणाली. मग खाली उतरून रिमोटनं गाडी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. गल्लीनं ऐकावं म्हणून दोनदा जास्तच. एकाच गोष्टीची चुटपुट लागली. हे दादाला दाखवता येणार नव्हतं.

दादा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. बाबा गेल्यावर व्हॅन कात्रीकडे यायची ठरली, तेव्हा तो म्हणाला होता, "घेऊन जा. सहा महिन्यांत इंजिन जाळशील. तेलपाणी तुला जमायचं नाही." कात्री म्हणाली, "जळलं तर माझं जळेल. माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही." दादानं किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेला. त्यानंतर दोघांचं बोलणं वहिनीच्या तोंडून. नाकावर माशी बसू न देण्यात बहीणभाऊ सारखेच, आणि मधल्या मधे वहिनीचा पोस्टमन झाला होता.

रविवार कात्रीचा सुट्टीचा. त्या दिवशी ती उशिरापर्यंत लोळते हे सगळ्या खानदानाला माहीत होतं. पण या रविवारी टॉवेल भिजवायचे राहिले होते म्हणून ती लवकर उठली आणि खिडकी उघडली.

खाली व्हॅनपाशी दादा उभा होता.

पायाशी तेलाचा डबा आणि पाण्याची कॅन. काखेत जुनं फडकं. हातात रिमोट. तो बटण दाबत होता, दाराची मूठ ओढत होता, पुन्हा दाबत होता. मग त्यानं रिमोट उघडून सेल काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि रिमोट व्हॅनच्या अगदी काचेला टेकवून दाबला. दार उघडलं नाही. दादा तसाच उभा राहिला, जाऊ की थांबू हे न कळणाऱ्या माणसासारखा.

कात्रीला आधी राग आला. मग कधी न संपणारी पाण्याची टाकी आठवली, शोरूमवाल्याचं कौतुक आठवलं. बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत असतो, दार उघडल्याशिवाय हात पोचत नाही, एवढं तिलाही माहीत होतं. आणि काल नवा रिमोट जोडून तिनंच ते दार दादाला बंद केलं होतं. तिला फार, फार वाईट वाटलं.

ती गाऊनवर शाल ओढून खाली धावली.

दादानं डबा पायामागे सरकवला. "सेल गेलाय बहुतेक," तो म्हणाला, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती.

"सेल नाही गेला. काल मी नवा रिमोट जोडला. जुना आपोआप रद्द झाला."

"तू जोडलास?"

"मग कोण? पण हा तुझ्याकडे कसा?"

"बाबांनी दिला होता, दवाखान्यात. म्हणाले, गाडी तिला देतोय, पण तेलपाणी तू बघ. तिच्याच्यानं नाही व्हायचं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर हात लावू दिला असतास?"

"नसता," कात्री म्हणाली. खोटं बोलणं तिला जमायचं नाही. "म्हणजे ते तेल तू..."

"मग काय आपोआप? इंजिन आहे ते, विहीर नाही."

"दादा, शोरूमवाल्यानं त्याबद्दल माझं कौतुक केलं. आणि मी ते घेतलं."

"घे की." दादानं फडकं झटकलं. मग डबा उचलून तिच्यापुढे धरला. "बरंच झालं. रिमोट जोडलास, आता हेही तूच बघ. माझी कटकट गेली."

हे तो तिच्याकडे न बघता बोलला. कात्रीला कळलं, आता डबा हातात घेतला की हा परत येणार नाही.

"डबा ठेव खाली आणि आत बस," ती म्हणाली.

"कशाला?"

"बस म्हटलं ना."

जन्मभर स्टिअरिंगमागे बसलेला माणूस शेजारच्या सीटवर अवघडून बसला. कात्रीनं दारं तपासली. "दोन्ही रिमोट एकाच बैठकीत जोडायचे असतात. कुलुपं वाजली की आधी मी दाबते. मी 'दाब' म्हटलं की तू दाब."

चालू-बंद, चालू-बंद. खटाखट. कात्रीनं दाबलं. "दाब!"

"थांब, चष्मा..."

"चष्मा कशाला? वाचायचंय का काही?"

पण वेळ गेली होती. कात्रीनं कपाळावर हात मारला आणि सगळं पहिल्यापासून धरलं. या खेपेला दादा दोन्ही अंगठे बटणावर ठेवून, श्वास रोखून बसला. खटाखट. तिनं दाबलं. "दाब!" त्यानं दाबलं. खटाखट.

"झालं?"

"उतर आणि उघडून बघ."

त्यानं बाहेरून गाडी बंद केली, उघडली. पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. मग आत हात घालून खटका ओढला, बॉनेट उचललं, तेल घातलं, टाकी पाण्यानं काठोकाठ भरली. मधेच म्हणाला, "कात्री, हे मला नसतं जमलं हां." ते कात्रीनं जपून ठेवलं.

"आता मला दाखव," ती शेजारी येऊन म्हणाली. "तेल कसं बघायचं ते."

दादानं तेलाची पट्टी फडक्यानं पुसली आणि परत आत सारली. "नको शिकूस."

"का? जमणार नाही मला?"

"जमेल. अर्ध्या तासात जमेल." त्यानं बॉनेट खाली घेतलं. "मग मी कशाला येऊ?"

ती आत जाऊन बसली, किल्ली फिरवली आणि काच धुवायचं बटण दाबून धरलं. पाणी उडत राहिलं, काचेवर, बॉनेटवर, दादाच्या शर्टावर. मोटर कोरडी घरघरायला लागेपर्यंत तिनं बोट काढलं नाही.

"अगं, काय करतेस? आत्ता भरली होती!"

"संपली," कात्री म्हणाली. "पुढच्या रविवारी ये भरायला."