हनुवटीवरची खूण

"हिलना मत," म्हणत मूर्तिकार उदयसिंहांनी जयेशच्या कानापासून हनुवटीपर्यंत लोखंडी परकार टेकवला, अंतर धरलं आणि तसाच नेऊन समोरच्या मातीच्या चेहऱ्याला लावला. माती थोडी कमी पडत होती. त्यांनी ओला गोळा घेतला आणि अंगठ्याने दाबून बसवला.

जयेश स्टुलावर ताठ बसला होता. गाझियाबादच्या त्या पुतळ्यांच्या कारखान्यात त्याच्या मागे कुणाकुणाचे धडाविना हात, घोड्यांची डोकी आणि चेहरा बसवायचा राहिलेले पुढारी उभे होते. अंगावर दादाचा युनिफॉर्म होता. खांद्यांत सैल.

दादा, म्हणजे नरसिंह, गेल्या पावसाळ्यात पहाडात जिवानिशी गेला, पुरात अडकलेल्या माणसांना काढताना. घरी आली ती बंद पेटी. ती उघडू नका, असं सोबत आलेल्या सुभेदारांनी वडिलांना, हिंमतरावांना, बाजूला नेऊन सांगितलं. हिंमतराव स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आईला, तानूबाईला, पोराचा चेहरा शेवटचा पाहायलाच मिळाला नाही. म्हणून पालममधल्या त्यांच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाने पार्कात नरसिंहचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं, तेव्हा अनावरणाच्या दिवसाची खरी वाट तिनेच पाहिली.

घोडं अडलं फोटोपाशी. एक फोटो ओळखपत्रावरचा, समोरून. बाकीचे मोबाइलवरचे, कुठे गॉगल, कुठे मित्राच्या खांद्याआड अर्धा चेहरा. बाजूने दादा कसा दिसायचा ते कुठेच धड मिळेना. मंडळाचे सेक्रेटरी हेरंब यांनी तोड काढली.

"तू आहेस ना यार! तेच कपाळ, तेच नाक. मिशी लावली की झालं."

"पण हनुवटी वेगळी आहे, हेरंबकाका. दादाची गोल होती."

"अरे, पुतळ्यात एवढं कोण बघतं? आणि काकूंना आत्ताच बोलू नकोस. एकदम प्रत्यक्ष बघू देत."

उदयसिंह आता हनुवटीवर आले होते. कोरणीच्या टोकाने त्यांनी मातीत एक तिरकी रेघ ओढली. जयेशचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला.

"ये निशान मत बनाइए. ये मेरा है."

"फौजी का चेहरा है भाई," उदयसिंह मान तिरकी करून बघत म्हणाले. "निशान अच्छा लगता है."

ती खूण कँटोन्मेंटच्या क्वार्टरमधली. दादा नवीन सायकल दामटत होता आणि छोटा जयेश मागे कॅरिअरवर. वळणावर जयेश तोंडावर आपटला. आईने त्याला उचलून पदर हनुवटीला दाबला आणि चप्पल न घालता दवाखान्यापर्यंत पळत गेली. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ती हे सांगायची. "पदर पिळला असता तर रक्त गळलं असतं," म्हणायची आणि जयेशची हनुवटी धरून खूण दाखवायची. पेटी आल्यापासून तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. जयेशला ताट वाढताना ती ताटाकडे बघे. "अभ्यास झाला का?" हेदेखील ती दादाच्या फोटोची काच पुसता पुसता विचारी.

अनावरणाच्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी बसून झेंडूचा हार ओवत होती. बाजारातला नको, म्हणाली. जयेश दारात उभा राहिला. लहानपणी दादाने गमतीने जयेशच्या फोटोला हार घातला होता, तेव्हा याच हाताने तिने दादाला थोबाडीत दिली होती. जित्या माणसाच्या फोटोला हार घालतात का, म्हणून दिवसभर कुणाशी बोलली नव्हती.

"आई, एक सांगायचं होतं. त्यांच्याकडे दादाचा नीट फोटो नव्हता. म्हणून चेहरा थोडा..."

"थोडा काय?"

"वेगळा वाटला, तर..."

"माझ्या पोराचा चेहरा तू मला सांगणार?" तिने दोऱ्याला गाठ मारली. "अंधारात ओळखीन मी. जा, बाबांच्या बुटांना पॉलिश कर."

जयेशने बुटांना पॉलिश केलं.

पार्कात खुर्च्या, सतरंज्या, ढोल, सगळं तयार होतं. पाहुणे उशिरा आले आणि लांबलचक बोलले. मग त्यांनी दोरी ओढली. कापड मिशीपाशी अडकलं. हेरंबनी स्टुलावर चढून ते सोडवलं.

समोर जयेश होता. काळपट, चकाकणारा, मिशीवाला जयेश. खरा जयेश आईकडे बघत होता. आता ती वळेल, त्याच्याकडे बघेल, किंचाळेल. हार तिच्या हातून पडेल. हेरंबकाकांना काय सांगायचं ते त्याने मनाशी जुळवूनही ठेवलं होतं.

तानूबाई चौथऱ्याच्या पायऱ्या चढली. तिने पुतळ्याच्या गालावरून हात फिरवला. बोटं खाली सरकत हनुवटीवर आली आणि थांबली.

"बघा," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ही खूणसुद्धा केलीय. माझा नरसिंह सायकलवरून पडला होता. पदर पिळला असता तर रक्त गळलं असतं."

बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी "भारतमाता की" म्हटलं, बाकीच्यांनी "जय" म्हटलं.

हिंमतरावांनी वळून जयेशकडे पाहिलं. नजर त्याच्या हनुवटीवर क्षणभर थांबली. मग ते छातीवरची पदकं उगाच सारखी करत राहिले.

तानूबाईने हार पुतळ्याच्या गळ्यात घातला, दोन्ही हातांनी नीट बसवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. मग तिला आठवलं असावं.

"जयेश कुठाय? ये, पाया पड दादाच्या."

जयेश पुढे आला. वाकला. कपाळ चौथऱ्याच्या थंड दगडाला लागलं. उठताना त्याने हनुवटी तळहाताने झाकली होती आणि तो आईच्या अगदी समोर उभा होता, हाताच्या अंतरावर. त्याने हात काढला. तानूबाई त्याच्या खांद्यावरून वर, हाराकडे बघत होती.

"सरळ बसलाय ना रे?" तिने विचारलं.

"हो."

खाली हेरंब मोबाइल उंच धरून फोटो घेत होते.

"चलो, काकू, इकडे बघा! हिंमतराव, तुम्ही पण वर या. जयेश, यार, जरा बाजूला हो. तू मध्ये येतोयस, नरसिंह दिसत नाहीये."

जयेश बाजूला झाला.