कडीवरची दुसरी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या उजव्या भिंगाच्या कडीवर चाकूने ओढलेल्या दोन रेघा आहेत. मला कुणी हातात घेतलं की त्याचं बोट आधी त्या रेघांवर जातं, आणि मला तोंड लपवावंसं वाटतं.

एका कारखान्यात भिंगं घासणाऱ्या बायकांनी मला घडवलं. त्यांच्या घरची माणसं लढाईवर होती, म्हणून त्या मला न्हाऊ घातलेल्या बाळासारखं हळूच पुसायच्या. तिथून मी नदीकाठच्या एका टेकडीवर आले. दोन देशांच्या फौजा मिळून एकाच शत्रूशी लढत होत्या. टेहळणीला दोन्हीकडचा एकेक माणूस असे. आमचा लंबू आणि त्यांचा बुटका. दुर्बीण मात्र दोघांत मी एकटीच. बुटक्याचा उजवा डोळा अधू होता, म्हणून त्यांनी कडीवर आपापल्या नजरेची खूण करून ठेवली. पाळी बदलली की कडी फिरवायची.

"कडी फिरव रे, तुझ्या डोळ्याने नुसतं धुकं दिसतंय," लंबू म्हणायचा.

"धुकं तुझ्या डोक्यात आहे, दादा," बुटका आमच्या बोलीत, अडखळत का होईना, परतफेड करायचा.

चहा तयार झाला की बुटका खालून खूण म्हणून पत्र्याचा पेला डोक्यावर धरायचा. मग लंबू उतरायचा.

शेवटी शत्रू हरला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. हिच्यामुळे आपण वाचलो, असं सगळे म्हणाले, आणि मी फुशारून गेले.

पुढे जिंकलेल्या जमिनीवरून दोन्ही सरकारांचं बिनसलं. बुटक्याची पलटण नदीपलीकडे गेली.

साहेब लंबूला म्हणाला, "आता तिकडे बघ. त्यांची तोफ शोध."

"साहेब, ती आपली माणसं आहेत."

"होती."

लंबूने मला डोळ्यांना लावलं. ऊन माझ्या भिंगावर चमकलं असावं. पलीकडच्या झुडपांतून बुटका उभा राहिला आणि हसत त्याने पेला डोक्यावर धरला. त्याच्या मागेच, जाळीखाली, तोफ होती.

"काय दिसतंय?" साहेबाने विचारलं.

लंबूने मला खाली घेतलं, पुन्हा डोळ्यांना लावलं. मग त्याने तोफ कुठे आहे ते सांगितलं. मी इतकं स्वच्छ दाखवलं होतं, की आमच्या तोफांचा नेम चुकायला जागाच नव्हती.

आता लंबू म्हातारा झालाय आणि मी कपाटात धूळ खात असते. परवा त्याच्या नातीने मला बाहेर काढलं.

"आबा, ही दुसरी रेघ कुणाची?"

"माझ्या मित्राची."

"शत्रू हरल्यावर तो घरी गेला?"

आबाने मला तिच्या हातून घेतलं. त्याने कडी दुसऱ्या रेघेवर आणली आणि खिडकीबाहेर पाहू लागला. त्या रेघेवर त्याला कधीच काही नीट दिसलं नव्हतं. तरी त्याने मला खाली ठेवलं नाही.

मित्रांनो, माझी भिंगं पुसली नाहीत तरी चालेल. पण कालच्या सोबत्यावर मला रोखण्याआधी एकदा त्याच्या रेघेवर कडी फिरवा. आमच्या टेकडीवर त्या दिवशी ती कुणीच फिरवली नाही.