माशांच्या टाकीतली खुरपणी

बँकेतून साताऱ्याला बदली झाली तेव्हा आम्रपालीची माशांची टाकी माधवनगरातच राहिली. तीन फुटांची काच एसटीतून कशी न्यायची? "आबा, तुम्ही आता रिटायर झालाय. बघाल ना?" एवढं विचारून ती गेली. पंच्याण्णवचा जून होता.

राजारामनं ऐटीत मान डोलावली. एकतीस वर्षं तो कापड गिरणीत हवा दमट ठेवणाऱ्या यंत्रावर होता. त्या यंत्राच्या हौदात शेवाळ धरलं की ब्लीचिंग पावडर टाकायची, दोन दिवसांत हौद स्वच्छ. पाण्यातलं आपल्याला कळतं, असं तो बायकोला, पारूबाईला, नेहमी सांगायचा.

टाकी बाहेरच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली होती. वाळूत चार-पाच रोपं आणि सहा काळे मॉली मासे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून राजाराम टाकीवरची ट्यूब सकाळी लावायचा, ती झोपताना बंद व्हायची. खाणं दिवसातून एकदा चिमूटभर, असं लेकीनं बजावलं होतं. पण पारूबाई जेवायला बसली की मासे काचेशी येऊन तोंड हलवायचे, आणि तिचा हात भाकरीच्या तुकड्याकडं जायचाच.

दिवाळीपर्यंत काच हिरवी झाली. रोपांच्या पानांवर केसांसारखे धागे लोंबू लागले. राजारामनं दाढीच्या ब्लेडनं काच खरवडली. मग सगळं पाणी उपसलं, वाळू नळाखाली धुतली, नवं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी दोन मासे मेले. आठवड्याभरात पाणी पुन्हा मेथी उकडल्यासारखं हिरवं. मासे असल्यानं ब्लीचिंग टाकता येईना.

शेवटी तो धनपालकडं गेला. धनपाल गिरणीतला जुना सोबती, आता द्राक्षबाग बघायचा.

"गड्या, बागंला मारतोस त्यातलं थोडं मोरचूद दे. शेवाळ जाळून टाकतो."

"शेवाळ जळंल रं, पर मासं बी मरतील," धनपाल म्हणाला. "आमच्या घरातनं त्यासाठी पुडी जायाची न्हाई. दुसरं काय बी माग."

राजाराम हात हलवत परत आला आणि ब्लेड घेऊन टाकीपुढं बसला. पारूबाई पदराला हात पुसत जवळ आली.

"आवं, नुसतं वरवर खरवडून तण जातंय व्हय? मोकळ्या रानात खत पडलं की तण माजतंच."

"आगं, ह्यात खत कुठलं?"

ती वाकली आणि काचेला नाक लावून बघत राहिली. तळाशी, रोपांच्या बुडाला, फुगून पांढरे झालेले भाकरीचे तुकडे होते. त्यांच्यावर बुरा चढला होता.

"मीच घालत हुते की वो खत."

राजाराम ब्लेड पुसत बसला.

"तुमास्नी ठावं हुतं?"

"पंधरा दिस झालं."

"मग बोलला न्हाईसा ते?"

काय सांगणार? पारूबाई आटपाडीकडची. लहानपणी दुष्काळात दोन-दोन दिवस चूल न पेटलेली तिनं पाहिली होती. दारात आलेलं कुत्रंही तिनं कधी उपाशी धाडलं नव्हतं. तिला 'घालू नको' म्हणण्यापेक्षा काच खरवडणं त्याला सोपं वाटलं होतं.

"त्यास्नी पोट भरल्यालं कळत न्हाई, पारू," तो एवढंच म्हणाला.

ती हसली. "मग तुमची ट्यूब बी बंद करा. दिसभर ऊन दिल्यावर तण वाढंल न्हाई तर काय!"

दुसऱ्या दिवशी ती पलूसला बहिणीकडं गेली आणि ओढ्यातलं लांब पात्याचं गवत ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. दोघांनी ते चार पाण्यांत धुतलं. तळाचा गाळ नळीनं ओढून काढला. मग पारूबाईनं कोपरापर्यंत हात घालून, भाताची लावण करावी तसं ते दाटीनं लावलं. "पीक दाट आसलं की तणाला जागा ऱ्हात न्हाई."

ट्यूब आता सहा तासच जळू लागली. नळाचं पाणी राजाराम बादलीत एक दिवस उघडं ठेवायचा, ब्लीचिंगचा वास उडाला की दर रविवारी तिसरा हिस्सा बदलायचा. काढलेलं पाणी मिरचीच्या रोपांना जायचं. शेवाळ लगेच हटलं नाही. धागे धरलेली पानं पारूबाई रोज दोन-चार कापून टाकायची. हळूहळू नवी पानं स्वच्छ येऊ लागली आणि जानेवारीत एका सकाळी पाण्यातून पलीकडची भिंत दिसली. गवताच्या दाटीत मोहरीएवढे डोळे हलत होते. मॉलीला पिल्लं झाली होती. राजारामनं सात मोजली, पारूबाईनं नऊ.

महिनाअखेरीस आम्रपाली आली आणि चप्पल न काढताच टाकीपुढं उभी राहिली.

"आबा, इतकी छान तर माझ्याकडंपण नव्हती! मला आता तिकडं मोठी खोली मिळालीय. टेम्पो करते आणि घेऊन जाते."

राजारामनं बायकोकडं पाहिलं. पारूबाई टाकी आणि लेक यांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"टाकी न्हाई मिळायची. आता ती आमची हाय."

"आई, माझी आहे ती!"

"आसंल. तुला पिल्लं दितो, गवत दितो. तकडं नवी टाकी घे."

आम्रपाली आईकडं बघतच राहिली, मग तिला हसू फुटलं. दुपारच्या गाडीनं ती साताऱ्याला निघाली तेव्हा तिच्या मांडीवर काचेची बरणी होती, बरणीत चार पिल्लं आणि गवताचे तीन कोंब. खिडकीखाली उभी राहून पारूबाई पुन्हा पुन्हा सांगत होती, "चिमूटभरच घाल गं! कितीबी तोंड हलवू देत, चिमूटभरच!"