थांब कुणी म्हणायचं

"जगातली सगळी साम्राज्यं तलवारीनं नाही, वाटणीनं बुडाली," असं बंधू म्हणाला, तेव्हा तो एका लाल स्पोर्ट्स कारखाली उताणा पडला होता. त्याच्या हातात तेरा नंबरचा पाना होता आणि नट बारा नंबरचा होता.

बारा नंबर दादाकडे होता. सम आकड्यांचे पाने थोरल्याला आणि विषम आकड्यांचे धाकट्याला, असा निवाडा तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मामांनी केला होता. मामांनी जन्मभर गणित शिकवलं आणि एकही नट खोलला नाही, त्यामुळे निवाडा अगदी निःपक्षपाती झाला. गॅरेजच्या मधोमध पिवळी रेघ मारली गेली. हवेचा कॉम्प्रेसर उजवीकडे दादाच्या हद्दीत राहिला, त्याचा पाइप डावीकडे बंधूच्या हद्दीत आला. भांडण मुळात झालं होतं ते दारावरच्या पाटीवरून. पाटीवर दादाचं नाव आणि पुढे 'आणि बंधू' एवढंच होतं, आणि अकरा वर्षं गाड्यांखाली झोपून काढलेल्या माणसाला ते 'एवढंच' टोचत होतं. मामांनी पाटी करवतीनं कापून दिली. तेव्हापासून डावीकडच्या गॅरेजचं नाव 'आणि बंधू' असं आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, ही काहीतरी नवी टूम असावी. धाकट्याला सगळं गाव बंधू म्हणू लागलं ते वाटणीनंतर.

कामाचीही वाटणी झाली. इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचे व्हॉल्व्ह वगैरे, दादाचं. धड, म्हणजे खालचे पिस्टन आणि त्यांना फिरवणारा क्रँक, बंधूचं. आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

बंधूनं मनाशी पक्कं केलं होतं : आधी दादा बोलेल, आणि त्याचा पहिला शब्द 'चुकलो' असेल. त्यावरचं उत्तरही तयार होतं. 'जाऊ दे दादा, झालं गेलं गंगेला मिळालं.' दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या आरशांत बघून त्यानं ते इतक्यांदा म्हटलं होतं, की आता त्यात थोडा मोठेपणा, थोडं दुखावलेपण आणि शेवटी एक उसासा, असं सगळं जागच्या जागी बसलं होतं. फक्त 'चुकलो' यायचं बाकी होतं. तीन वर्षं झाली, आलं नव्हतं. दोघांच्या बायकांचं मात्र उत्तम जमत होतं. नवरे कसे आहेत याबद्दल एकमत असलं की जावांना आणखी काय लागतं.

लाल गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. बाई चाळिशीच्या, गाडी दोन सीटची, आणि दोघींचाही वेग असा की पेशंट वाटेत दिसला तर तो कठड्यावर चढून उभा राही. पंधरा दिवसांपूर्वी भर चौकात गाडी मेली. टायमिंगचा पट्टा तुटला होता. दातांच्या डॉक्टरच्या गाडीच्या पट्ट्याचे नऊ दात ओळीनं पडले होते, पण हे बाईंसमोर बोलायची कुणाची छाती झाली नाही.

हा पट्टा खालच्या क्रँकला आणि व्हॉल्व्हची उघडमीट करणाऱ्या वरच्या दोन कॅमना एका चालीत ठेवतो. व्हॉल्व्ह खाली येतात तेव्हा पिस्टन लांब असतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेले असतात. जागा एकच, दोघांनी पाळीपाळीनं वापरायची. पट्टा तुटला की पाळी संपते आणि मारामारी सुरू होते.

तुटलेला पट्टा बाईंनी दोन बोटांत धरून रेघेवर उभं राहून विचारलं होतं, "सहा महिन्यांपूर्वी मी गाडी सगळी तपासायला दिली होती. हा कुणी तपासला?"

दादा कॉम्प्रेसरकडे बघत म्हणाला, "पट्टा खालून सुरू होतो, डॉक्टर. त्यांना विचारा."

बंधू छताकडे बघत म्हणाला, "पट्टा वर संपतो, मॅडम. त्यांनाच विचारा."

ज्याला जन्मापासून 'ए दादा' म्हटलं, त्याला बंधू आता 'ते' आणि 'त्यांना' म्हणत असे. माणूस तोडायचा असेल तर त्याला मान द्यावा. शिव्या दिल्या तर जवळ येतो.

बाईंना सगळं कळलं. "म्हणजे माझं इंजिन तुमच्या सीमेवर मेलं," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून नीट करा. नाही केलंत तर मी गाडी ओढून कंपनीत नेईन, आणि माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला तुमची गोष्ट सांगेन. माझ्या खुर्चीत कुणाला मध्ये बोलता येत नाही, हे लक्षात ठेवा."

मग पंधरा दिवस काम चाललं. दादानं डोकं उतरवलं, व्हॉल्व्ह काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. सोळांपैकी अकरा वाकडे.

"तारा लावून सरळ केले असते मी," बाई म्हणाल्या.

"हे सरळ होत नाहीत, डॉक्टर. नवेच घालावे लागतात."

"म्हणजे कवळी."

बंधूनं पिस्टन पाहिले. डोक्यावर चंद्रकोरीएवढे ओरखडे, पण तडा नाही. हे त्यानं मोठ्यानं सांगितलं, गाडीच्या टायरला उद्देशून. पलीकडून दादानं मान हलवली, टूलबॉक्सकडे बघून. डोकं परत बसलं, आणि पट्टा चढवायचा दिवस उजाडला.

बाई त्या दिवशी दवाखाना बंद ठेवून आल्या. स्टूल नेमकं रेघेवर ठेवून बसल्या, एक पाय या राज्यात, एक त्या. गाडीही रेघेवर आडवी उभी होती. काम साधं होतं : खालून बंधूनं क्रँक हळूहळू फिरवायचा, वर दादानं दोन्ही कॅम धरून खुणा बघायच्या, आणि खूण खुणेला भिडली की वरून 'थांब' म्हणायचं. कॅम जागी अडकवून ठेवायचं एक हत्यार असतं. मामांनी त्याचेही दोन भाग केले होते, आणि प्रत्येकानं आपला भाग निरुपयोगी म्हणून भंगारात दिला होता.

बंधूनं क्रँक फिरवायला घेतला. खूण जवळ आली.

"डॉक्टर, त्यांना थांबायला सांगा," दादा म्हणाला.

"थांबा म्हणतायत," बाई म्हणाल्या.

तोवर खूण पुढे गेली होती. क्रँक उलटा फिरवायचा नसतो. बंधूनं पुन्हा सगळा फेरा सुरुवातीपासून घेतला.

"डॉक्टर, त्यांना सांगा, थां—"

"थांबा."

या वेळी एक दात पुढे. शिवाय पान्यातून बंधूच्या मनगटाला एक बारीक 'टक्' जाणवलं. नवा व्हॉल्व्ह पिस्टनला शिवून गेला होता.

"मॅडम, त्यांना म्हणावं, जरा आधी सांगत जा. त्यांना सवय नाही आधी काही सांगायची."

"डॉक्टर, त्यांना म्हणावं, ऐकायची सवय असती तर आधी सांगून उपयोग झाला असता."

"मी दात काढते," बाई म्हणाल्या, "निरोप काढत नाही. आता मी तोंड उघडणार नाही. बघू कोण उघडतं ते. बंद तोंडं उघडण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, तुमच्यासाठी मी पकड आणलेली नाही एवढंच." आणि त्यांनी खरंच ओठ मिटले.

बंधूनं तिसऱ्यांदा क्रँक फिरवला. खूण येत होती. दादा काही बोलेना. आणखी दोन बोटं, आणखी एक. बंधू मनात म्हणाला, मोड. मोडूनच टाक. पण तोंडातून शब्द काढू नकोस, तुझ्या नावाची पाटी झिजेल.

वरून दादानं जमिनीवर पाय आपटला.

बंधू थांबला. खूण खुणेवर होती, केसाचाही फरक नव्हता. पाय आपटणं बोलण्यात धरायचं की नाही, यावर त्यानं क्षणभर विचार केला आणि धरायचं नाही असं ठरवलं. तो उभा राहिला. एका हातानं क्रँक धरून दुसऱ्या हातानं पट्टा चढवला : खाली, बाजूनं, वर. वर चढवताना तोंड दादाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर आलं. इतक्या जवळून दोघांनी एकमेकांना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. दादाच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी असतं तर बंधूनं कलपाची आठवण करून दिली असती.

पट्टा ताणणाऱ्या चाकाचा बोल्ट बंधूनं आवळला. बोल्ट सुदैवानं पंधरा नंबरचा होता. क्रँक आता पट्ट्यानं धरला, एक हात मोकळा झाला. दादाचे दोन्ही हात मात्र अडकलेले होते. कॅमचे बोल्ट घट्ट होईपर्यंत हलला तर पंधरा दिवस पाण्यात.

आणि तेव्हा बंधूला दिसलं की दादाचे डोळे भरून आलेत.

त्यानं आधी विश्वास ठेवला नाही. पुन्हा पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, वरचा ओठ थरथरत होता, आणि सगळा चेहरा आतून काहीतरी दाबून धरल्यासारखा तांबडा झाला होता. दादानं एकदा डोळे मिटले, उघडले, बाईंकडे पाहिलं. बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. दादानं मान वळवली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ धाकट्याकडे पाहिलं.

बंधूनं पाना खाली ठेवला. त्यानं पाठ ताठ केली. घसा ओला केला. 'जाऊ दे दादा' ओठांवर येऊन उभं राहिलं, उसाशासकट.

"बंध्या," दादा म्हणाला. आवाज घोगरा होता.

"बोल."

"नाक खाजव रे जरा. डाव्या बाजूला."