आंबिलीआधीचा एक तास

मी शालूच्या मोठ्या आतड्यातला एक जिवाणू बोलतोय. नाक मुरडू नका. तुमच्या पोटातही माझे भाऊबंद आहेत, आणि तुम्ही हे वाचत असताना ते तुमच्या कालच्या जेवणाचा निकाल लावताहेत.

आमच्यात एक पिढी काही तासांत संपते, म्हणून मी 'मी' म्हणतो तेव्हा माझा सगळा गोतावळा त्यात धरा. आम्हाला कान नाहीत, डोळे नाहीत. पण तीस वर्षं एकाच बाईच्या पोटात काढली की घरातलं सगळं कळतं.

माझं काम साधं आहे. ज्वारी, डाळी, अंबाडीची भाजी यांतला जो चोथा शालूला पचत नाही, तो माझ्या वाट्याला येतो. मी तो आंबवतो. त्यातून आतड्याच्या भिंतीला खायला मिळतं आणि भिंतीपलीकडे पहारा देणाऱ्या पेशी जरा शांत राहतात. शरीराच्या पहारेकऱ्यांची मोठी फौज आतड्याभोवतीच असते, हे माणसांना फार उशिरा कळलं. आम्ही त्यांचे जुने शेजारी.

शालू मूर्तिजापूर डेपोत कंडक्टर आहे. घरी ती, तिचा नवरा नागसेन आणि सासू सुंदराबाई. नोकरी लागली तसे माझे हाल सुरू झाले. पहाटेची गाडी घेऊन अमरावती, तिथून परत, मग अकोला. मधल्या वेळेत स्टँडवर आलूबोंडा आणि चहात बुडवलेली खारी. त्यातलं माझ्यापर्यंत काय पोचणार? वरून घसा बसला की मेडिकलमधून आपल्याच मनानं अँटिबायोटिकच्या दोन-तीन कॅप्सूल. दर वेळी आमची आळीच्या आळी साफ व्हायची. मी चिवट म्हणून उरलो.

मग शालू थकायला लागली. भर एप्रिलात, जेव्हा वऱ्हाडात कूलरपुढून कोणी हलत नाही, तेव्हा ही चादर पांघरून बसायची. केस विंचरले की फणी भरून यायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की तिच्याच शरीराचे पहारेकरी तिच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर उलटलेत. रोज एक गोळी, बहुतेक जन्मभर.

त्याच वर्षी तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. थायरॉईडमुळेच गेला असं कोणी म्हणालं नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी रक्तातलं प्रमाण ताब्यात हवं. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. मी उपाशी होतो आणि मला भुकेचं काही वाटलं नाही.

दोन वर्षांनी शालूला पुन्हा दिवस गेले. सुंदराबाईंनी पदर खोचला. डेपोनं शालूला पासच्या खिडकीवर बसवलं. आणि त्याच सुमारास दामिनी मॅडम घरी आल्या. अकोल्यातल्या एका कॉलेजात त्या संशोधन करतात. थायरॉईडच्या बायकांकडून त्यांना रक्त नको होतं, त्यांना हवे होतो आम्ही. त्यांनी झाकणाची एक छोटी डबी पुढे केली आणि तिचं काय करायचं ते सांगितलं.

सुंदराबाई बघतच राहिल्या. "काहून वो मॅडम, एवढं शिकून हे असलं जमा करून राहिल्या तुमी?"

नागसेन हसू दाबत बाहेर गेला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "आजी, या आजाराच्या रुग्णांच्या पोटातली जिवाणूंची वस्ती थोडी वेगळी दिसते, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पण वस्ती बिघडली म्हणून आजार झाला, की आजारामुळे वस्ती बिघडली, हे अजून पक्कं कोणालाच माहीत नाही. तेच शोधतोय."

मला आत सगळं कळत होतं. खरं सांगू? मलाही माहीत नाही. माझ्या आळीत काही टगे घुसले होते, भिंत कुठे कुठे झिरपत होती, पहारेकरी चिडलेले होते, हे मी अनुभवलंय. पण त्यांनी गळ्यातल्या ग्रंथीवरच का झेप घेतली, ते मला सांगता येणार नाही. गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय मी मान खाली घालणार नाही आणि न केलेल्या उपकाराचा हारही गळ्यात घालून घेणार नाही.

सुंदराबाईंनी मात्र मॅडमचं अर्धं वाक्य उचललं. मॅडम गेल्या तसं त्यांनी फर्मान काढलं, "आयकलं न शालू? पोट सुधरलं का बिमारी जाते. स्टँडवरचं खानं बंद. उद्यापासून आंबील."

रात्री ताकात भिजवलेलं ज्वारीचं पीठ, सकाळी शिजवून, वरून जिरं आणि लसूण. मोठा वाडगा. काय दिवस होते ते! इतक्या वर्षांची माझी उपासमार संपली. उजाड झालेल्या आळ्यांत पुन्हा वस्ती झाली. टगे मागे सरले. शालूचं पोट साफ होऊ लागलं. मी सुंदराबाईंना तोंड भरून आशीर्वाद देत होतो.

शालू आपली गोळी सकाळी उठल्या उठल्या, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. एकदा सुंदराबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"उपाशीपोटी गोयी? पोटात लेकरू हाये न तुह्या! आधी आंबील घे, मंग गोयी."

"आई, डॉक्टरनं उपाशीच सांगतली हाये."

"डॉक्टरले काय जाते सांगाले! जळजळ तुले होईन. आमच्या घरात कोणी उपाशीपोटी औषध घेत नाई."

ही गोष्ट वऱ्हाडात घरोघरी अशीच आहे. औषध म्हटलं की आधी पोटात चार घास हवेत. शालूला त्या दिवसांत मळमळही फार व्हायची. सासू इतकं करते, तिचं मन काय मोडायचं, असं म्हणून तिनं वाडगा रिकामा केला आणि लगेच गोळी गिळली. मग तीच रीत पडली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आंबिलीचा चोथा वरून माझ्यापर्यंत आला, आणि त्याला चिकटून आला शालूच्या गोळीचा काही भाग.

गोळीनं इथवर यायलाच नको होतं. ती वरच्या, लहान आतड्यातून रक्तात जाणार असते. पण चोथ्यानं आणि ताकातल्या कॅल्शियमनं तिला वाटेत धरून ठेवलं होतं. जे खाऊन मी गुटगुटीत झालो होतो, तेच शालूच्या औषधाची वाट अडवत होतं. रोज थोडं थोडं औषध माझ्या दारात येऊन वाया जात होतं. मला लाज वाटली. माझ्या ताटात तिच्या बाळाचा वाटा येत होता आणि मी जेवत होतो.

महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टरीणबाईंनी गोळीचा डोस वाढवला. पुढच्या तपासणीतही तेच, पुन्हा वाढवला.  तिसरा महिना चालू होता. शालू खिडकीवर पास देताना एक हात पोटावर ठेवून बसायची, आणि घरी आली की नागसेनला एकच विचारायची, "यावेळी राहीन न?"

मी ठरवलं, काहीतरी करायचंच. आमच्या हातात काय असतं? वायू. मी सगळ्या आळीला कामाला लावलं आणि असा गोंधळ घातला की शालूच्या पोटातली गुडगुड शेजारच्या खोलीत ऐकू जावी.

सुंदराबाई खूश झाल्या. "पाह्य, पोट कसं काम करून राहिलं!" आणि त्यांनी वाडगा आणखी भरला.

मी हात टेकले, पण तेवढ्यापुरतेच. आठवड्यानं दामिनी मॅडम दुसरी डबी घेऊन आल्या. त्यांच्याकडे एक छापील फॉर्म होता. काय खाता, किती झोपता, अँटिबायोटिक कधी घेतलं. शेवटी एक प्रश्न होता, थायरॉईडची गोळी कधी आणि कशासोबत घेता?

उत्तर सुंदराबाईंनी दिलं, मोठ्या अभिमानानं. "आंबिलीवर! एक दिवस चुकू देत नाई मी."

मॅडमचं पेन थांबलं. "आंबिलीवर म्हणजे, लगेच?"

"मंग! उपाशी कशी देऊ?"

"आजी, आंबील फार चांगली आहे. पण गोळीसोबत नको. शालूताई, आजच डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगा. उद्यावर टाकू नका."

नागसेननं गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून डोळे मिटले आणि उघडले. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. नंतर तासभर काही नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दुपारनंतर. आंबील चालू ठेवा, पण आंबील हे औषध नव्हे.

घरी आल्यावर सुंदराबाई चुलीपाशी बसून राहिल्या. "म्या आपल्या हातानं पोरीचं औषध वाया घालवलं. लेकराले काही झालं तं?"

शालू त्यांच्याजवळ खाली बसली. "आई, तुमी खाऊ घातलं, जहर नाई दिलं. चुकलं ते दोघींचं. मले माईत होतं न, मी काहून आयकलं? आता रडू नका. उद्यापासून घड्याळ तुमच्या हाती."

सुंदराबाईंनी ते शब्दशः पाळलं. पहाटे पाचला उठून त्या शालूच्या हातात गोळी आणि पाण्याचा पेला देतात. मग आंबिलीच्या पातेल्यावर झाकण, झाकणावर वरवंटा, आणि स्वयंपाकघराच्या दारात स्वतः. सहा वाजेपर्यंत नागसेनलाही चहा मिळत नाही.

पुढच्या महिन्यात रिपोर्ट थोडा सरकला. त्याच्या पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा समाधानानं मान डोलावली. आता आठवा महिना सरत आलाय. पाळणा अजून कोणी आणलेला नाही, पण शालू झोपेत पोटाशी बोलते.

तुम्हाला एकच सांगणं आहे. मला सांभाळा, ज्वारी-डाळी खाऊ घाला, मनानं कॅप्सूल गिळून माझी आळी उठवू नका. पण मला देव करून तुमची गोळी बंद करू नका. माझ्याविषयी जे अजून कळायचं आहे ते कळू द्या. तोवर औषधाची जागा औषधाला.

माझ्यातल्या काहींना आता निघायची तयारी करायची आहे. मूल जन्मतं तेव्हा आईकडून आमच्यातले काही जण त्याच्याकडे राहायला जातात. जाणाऱ्यांना मी बजावलंय, की तिथं जागा कोरी असेल, दांडगाई करू नका. दूध पचवायला मदत करा. पहारेकऱ्यांना आपलं कोण आणि परकं कोण ते शिकायला हातभार लावा. कोणी श्रेय दिलं तर घेऊ नका, कोणी आळ घेतला तर पुरावा मागा. सुखानं जा.

मी मात्र शालूजवळच राहणार. आत्ता पाच वाजलेत. तिनं गोळी गिळली, वर दोन घोट पाणी. सुंदराबाई दारात बसल्यात. मला भूक लागलीय, आणि मी थांबलोय.