रोजचं अर्धं मिनिट

लव्हडे पास्कोने तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा पलीकडून तिची बहीण केरेन्सा पहिल्याच घंटीला ओरडली, "आता काय? उतरून गाडी ढकलत आणू का?"

"कुठवर आलीस?"

"गायींपर्यंत. रुळांवर गायी आहेत आणि त्यांना कुठेही पोचायचं नाहीये. आमचा गार्ड म्हणतो, पुढची गाडी मिळेलच असं काही सांगता येत नाही."

ती पुढची गाडी म्हणजे लव्हडेचीच. सेंट बेरिन जंक्शनच्या पलीकडच्या फलाटावर दोन डबे घेऊन ती उभी होती. मुख्य मार्गावरून आलेली माणसं पूल ओलांडून या गाडीत बसत आणि दरीतून खाली, खाडीच्या तोंडाशी असलेल्या पोलव्हेनला जात. ही आजची शेवटची. रात्री गाडी पोलव्हेनलाच उभी राहायची आणि गार्ड लव्हडे तिथून पायी घरी जायची.

"मग थांबव की," केरेन्सा म्हणाली. "तुझीच गाडी आहे ना?"

"माझी नाहीये ती."

"दारं कोण लावतं?"

"मी."

"मग झालं तर. हे बघ, मी चार वर्षांनी येतेय, तेही तू डोकं खाल्लंस म्हणून. गाडी चुकली तर त्या फलाटावर मी रात्र काढणार नाही. परतीची गाडी आहे थोड्या वेळाने. तीत बसेन आणि सरळ घरी जाईन."

'सरळ घरी' म्हणताना तिच्या आवाजातला ताण किंचित सैल झाला. लव्हडेला तो बदल नेमका ऐकू आला. आज गाडी चुकली, तर केरेन्साला हवं असलेलं कारण आयतं मिळणार होतं. पुन्हा ती यायची नाही.

आईच्या अंत्यविधीच्या दिवशी केरेन्सा आणि बाबा स्वयंपाकघरात भांडले होते. जायचं तर जा, असं बाबा म्हणाले आणि ती गेली. त्यानंतर ना बाबांनी बोलावलं, ना ती आली. पण आज सकाळी बाबा पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजायला ठेवत होते. कुणाची कुठली ते कळावं म्हणून कोपऱ्यावर नावाचं पहिलं अक्षर काढतात, तसं त्यांनी एकीवर 'के' काढलं आणि लव्हडेने काही बोलू नये म्हणून तिच्याकडे पाठ करून भट्टीसमोर उभे राहिले.

फलाटावरच्या घड्याळाकडे बघत ती गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

पुढच्या खिडकीतून ड्रायव्हर पेट्रॉकने डोकं बाहेर काढलं. "काय गं, फलाट झिजवतेस का? थांबायचंय थोडं? माझ्या बुटाची नाडी सुटलीय म्हणतो."

"नको."

"कुणी येतंय का?"

"कुणी नाही."

असं का म्हटलं ते तिचं तिलाही कळलं नाही. पेट्रॉक केरेन्साला लहानपणापासून ओळखत होता.

मागच्या डब्यात मिसेस ट्रेगिअर नेहमीच्या जागी बसल्या होत्या. खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात त्यांची रात्रपाळी. पोलव्हेनला उतरून त्यांना बोट गाठायची असे, आणि बोटवाला ओहोटीचं पाणी बघून निघायचा, माणसं बघून नाही. आज बोटीला जाणारे आणखी तिघे गाडीत होते.

"पोरी, वेळेवर आहोत ना?" त्यांनी दारातून विचारलं. "पलीकडची बाई सकाळपासून उभी आहे. मी गेल्याशिवाय तिला सुटका नाही."

"वेळेवर आहोत," लव्हडे म्हणाली.

तिने हिशेब मांडून पाहिला. समजा, गायींमागे अडकलेल्या त्या गाडीत केरेन्सा नाहीच. तिच्या जागी लाल पाठपिशवी घेतलेला कुणी अनोळखी माणूस आहे. त्याच्यासाठी मी थांबले असते का? थांबले असते तर किती? तिने त्या माणसाला नीट डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. चष्मा दिला, दाढी दिली. पण दर वेळी तो मान वळवायचा आणि त्याला केरेन्साचा चेहरा असायचा. एवढं मात्र तिला दिसत होतं की उशीर झाला की नियंत्रण कक्षातून फोन येणार, कशामुळे म्हणून विचारणार, आणि आज तिला म्हणावं लागणार, माझ्या बहिणीमुळे.

तेवढ्यात मुख्य मार्गावरची गाडी पलीकडे येऊन थांबली. दारं उघडली. पुलावर पावलं वाजायला लागली. एक जोडपं आलं, सायकल खांद्यावर घेतलेला एक विद्यार्थी आला. घड्याळाचा काटा वेळेवर येऊन टेकला आणि त्याच क्षणी लव्हडेने दारांचं बटण दाबलं. पीप पीप वाजून दारं मिटली.

जिन्याच्या वरच्या पायरीवर हिरव्या कोटातली केरेन्सा आली होती. पिशवी खांद्यावरून घसरून कोपरात अडकली होती. ती थांबली. दोघींची नजरानजर झाली. लव्हडेने ड्रायव्हरसाठीची घंटी दोनदा दाबली आणि गाडी हलली.

गाडी दरीत शिरली. इथून खाली पोचेपर्यंत फोनला रेंज नसते. लव्हडेने तिकिटं तपासली. सायकलवाल्याचं दोनदा तपासलं.

"काढलेल्या तिकिटाचं पुन्हा तिकीट काढू का?" तो हसत म्हणाला.

मिसेस ट्रेगिअरनी तिला हाताने शेजारी बोलावलं. "ती केरेन्सा होती ना?"

"हो."

"मग?"

"तुम्हाला बोट गाठायची होती. बहिणीसाठी गाडी थांबवली असती तर बरं दिसलं नसतं."

"माझ्या आड लपू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "रोज वेळ झाली तरी तू पुलाकडे बघत उभी राहतेस. अर्धं मिनिट तरी. कुणी येतंय का बघतेस, मग दारं लावतेस. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अर्ध्या मिनिटाने माझी बोट आजवर एकदाही चुकली नाही. परवा तो लंगडणारा म्हातारा आला, त्याच्यासाठी तर तू जिन्यापर्यंत गेलीस. आज तेवढंही थांबली नाहीस. बहिणीसाठी जास्त करू नको, बाई. पण परक्याला देतेस तेवढं तरी तिला द्यायचंस."

लव्हडेला वाटलं होतं, आपण तराजू सरळ धरला. प्रत्यक्षात तो आपल्याकडे झुकू नये म्हणून तिने पलीकडचं पारडं हाताने दाबून धरलं होतं. बसवेना म्हणून ती उठली आणि दाराच्या काचेशी उभी राहिली. बाहेर अंधारत चाललेली झाडं मागे जात होती. तिने फोन काढला, रेंज बघितली, खिशात टाकला, पुन्हा काढला.

पोलव्हेनला दारं उघडताच बोटीची माणसं धक्क्याकडे निघाली. फोनला रेंज आली. तिने नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"तू मला पाहिलंस," केरेन्सा म्हणाली.

"हो."

"पाहिलंस आणि घंटी दिलीस."

"हो."

"अगदी बाबांवर गेली आहेस. तेही असेच, तोंडासमोर दार लावून वर नियम सांगणारे." तिच्यामागे फलाटावरची घोषणा ऐकू आली. "परतीची गाडी आलीय. समोर उभी आहे. चल."

"चढू नकोस."

"का? आता कुठला नियम आडवा आला?"

"नियम नाही. मी चुकले, केरेन्सा. दुसरं कुणीही असतं तर मी थांबले असते. तू होतीस म्हणून नाही थांबले. बाबांचं राहू दे, बाबांसाठी येऊ नकोस. मला तू यायला हवी आहेस. मला एकटीला आता ते घर झेपत नाही."

मग फोनमधून पीप पीप ऐकू आलं. दारं मिटत होती. रोज हाच आवाज काढणाऱ्या लव्हडेला आज तो दाराच्या कुठल्या बाजूने ऐकू येतोय ते ओळखता येईना. तिने फोन कानावर इतका घट्ट दाबला की कान दुखायला लागला. गाडी निघाल्याचा आवाज आला. तो जवळ होता का लांब जात होता, कळेना.

मग एक समुद्रपक्षी अगदी फोनजवळ कर्कश ओरडला.

डब्याच्या बंद दारांआड पक्षी कुठून येणार? लव्हडे फलाटावरच्या बाकावर बसली.

"केरेन्सा?"

"काय केरेन्सा? थंडीने मरतेय इथे. त्या हेडलीची टॅक्सी अजून चालते का? त्याचा नंबर दे." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि मी पोचले की लगेच बोलायला लागू नकोस. आधी मी ओरडणार आहे. बराच वेळ."